कर्मशाळेंतून कारखान्यांत

नव्यानें निघालेल्या एखाद्या लहानशा कंपनींत दोन-तीन वर्षें काढावीं, तेथें चार माणसांच्या बरोबरीनें रात्रीचा दिवस करावा, आणि पदरीं थोडासा अनुभव पडतांच एखाद्या बड्या कंपनीच्या दारांत जाऊन उभें राहावें, हा क्रम आजच्या तरुण ‘प्रॉडक्ट डिझाइनर’च्या आयुष्यांत नित्याचा होऊन बसला आहे. लहान ठिकाणीं मोकळीक असते, पण पुढच्या महिन्याच्या पगाराची शाश्वति नसते. मोठ्या ठिकाणीं शाश्वति असते, पण तयार झालेल्या वस्तूंत आपला हात नेमका कोठें लागला हें शोधूनहि सांपडत नाहीं. पुष्कळ सुशिक्षित घरांतून जेवतांना या दोन बाजूंचा वाद रंगतो, आणि तो घालणारे वडील व मुलगा दोघेहि हा प्रश्न अगदीं आजचा आहे असें धरून चालतात. ‘स्टार्टअप’ हा शब्द आजचा आहे हें खरें. प्रश्न मात्र निदान शंभर वर्षांचा जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनींत वायमार येथील एकाच कर्मशाळेंत शिकलेल्या दोन तरुण व्यक्ति पुढें कारखान्यांत गेल्या. एकाचें नांव विल्हेल्म वागेनफेल्ड, दुसरीचें मारिआन ब्रांट. दोघांचेहि हात सारखेच कसबी होते. त्यांपैकीं एकाचें कांचसामान असंख्य घरांतून पोहोंचलें. दुसरीच्या वाट्याला अडीच वर्षांच्या आंतबाहेरची एक नोकरी आली आणि तीहि टिकली नाहीं. हें असें कां झालें, तें पाहण्यासारखें आहे.

वस्तूचा आकार ठरविणाऱ्या माणसाला येथें रचनाकार म्हटलें आहे. मोठ्या कंपनीनें रचनाकार पदरीं बाळगावा ही कल्पना त्यापूर्वीं जर्मनींत रुजली होती. 1907 सालीं ‘ए. ई. जी.’ या विजेच्या सामानाच्या प्रचंड कंपनीनें पेटर बेरेन्स यास कलाविषयक सल्लागार नेमलें, आणि त्यानें कंपनीच्या कारखान्याच्या इमारतीपासून पाणी तापविण्याच्या किटलीपर्यंत सगळ्यांवर आपली छाप उमटविली. परंतु बेरेन्सची गोष्ट प्रस्तुत विषयाला उपयोगी पडत नाहीं. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला, चित्रकार व वास्तुशिल्पी म्हणून आधींच गाजलेला तो गृहस्थ. कंपनीनें त्याला सन्मानानें बोलावून नेलें. ज्याला बोलावणें येतें त्याचा प्रवेश निराळा, आणि ज्याला दार ठोठवावें लागतें त्याचा निराळा.

वागेनफेल्डचा जन्म 1900 सालीं ब्रेमेन शहरीं झाला. शाळा संपतांच तो गांवांतल्याच ‘कॉख आणि बेर्गफेल्ड’ या चांदीच्या भांड्यांच्या कारखान्यांत उमेदवारीला लागला. तेथील नकाशे काढण्याच्या खोलींत त्याची कांहीं वर्षें गेलीं. म्हणजे मोठ्या पेढीची सर्वांत खालची पायरी त्यानें लहानपणींच पाहिली होती. पुढें हानाऊ येथील रेखन-विद्यालयांत त्यानें सोनारकामाचें शिक्षण घेतलें, आणि 1923 सालीं तो वायमार येथें बाउहाउसमध्यें दाखल झाला.

बाउहाउस ही संस्था वाल्टर ग्रोपिअस यानें 1919 सालीं स्थापन केली. ती नांवाला शाळा होती. पण तिच्या कर्मशाळांनीं विकण्याजोग्या वस्तु तयार कराव्या आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्थेचा कांहीं भार हलका व्हावा, अशी अपेक्षा दिवसेंदिवस वाढत होती. 1923 हें साल कसलें होतें तें ध्यानांत घेतलें म्हणजे या अपेक्षेचें कारण कळतें. जर्मन चलन त्या वर्षीं इतकें कोसळलें कीं थुरिंगिया राज्याला लक्षावधि मार्कांच्या नोटा घाईघाईनें काढाव्या लागल्या, आणि त्यांचें रेखन बाउहाउसच्याच हेर्बेर्ट बायेर नामक विद्यार्थ्यानें केलें. पाव घेतांना टोपलीभर नोटा मोजाव्या लागत असतां पितळेची चहादाणी कोण विकत घेणार? तशांत पुढील वर्षीं राज्यांत उजव्या पक्षांचें बहुमत झालें, आणि संस्थेचें अनुदान निम्म्यावर आणण्यांत आलें.

अशा वेळीं धातूच्या कर्मशाळेचा भार लास्लो मोहोली-नॉज या तरुण हंगेरियन कलावंताकडे आला. चांदीचीं शोभेचीं भांडीं करण्यांत रमलेल्या या कर्मशाळेला त्यानें दिव्यांकडे, कांचेकडे, निकेलचा मुलामा दिलेल्या धातूकडे वळविलें. वागेनफेल्डनें 1924 सालीं येथेंच तो प्रसिद्ध मेजावरचा दिवा घडविला. त्यांत कार्ल युकर या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या आधींच्या प्रयोगांचाहि वांटा होता. गोल बैठक, तिच्यावर उभी कांचेची पोकळ नळी, नळींतून उघडी दिसणारी विजेची तार, आणि माथ्यावर दुधी कांचेचें घुमटासारखें आच्छादन. सगळी उंची सुमारें 36 सेंटिमीटर. नक्षीचा एक टिपका नाहीं. जणू यंत्रानेंच आपल्या मनाप्रमाणें दिवा केला असता तर तो असा झाला असता.

हा दिवा घेऊन चोवीस वर्षांचा वागेनफेल्ड लाइपत्सिगच्या जत्रेंत गेला. ही जत्रा म्हणजे त्या काळच्या युरोपांतील व्यापाऱ्यांचा मोठा बाजार. तेथें मालाचे नमुने मांडावयाचे आणि मागणी नोंदवून घ्यावयाची. व्यापारी आले, कारखानदार आले, त्यांनीं दिवा हातांत घेतला, किंमत विचारली आणि ते हंसले. पुढें वागेनफेल्डनेंच ही आठवण लिहून ठेवली आहे, आणि त्या हंसण्याचें कारणहि त्यानें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. या वस्तु दिसावयाला यंत्रानें काढलेल्या स्वस्त मालासारख्या, आणि वास्तविक त्या हातानें घडविलेल्या महाग कलाकुसरीच्या वस्तु होत्या. बैठक हातानें कातावयाची, सांधे हातानें डाखावयाचे, प्रत्येक नग हातानें घांसून चकचकीत करावयाचा. मग किंमत खालीं येणार कशी?

हें हंसणें अडाणी व्यापाऱ्यांचें अरसिकपण म्हणून सोडून देण्याची चाल कलेच्या इतिहासांत आहे. ती बरोबर नाहीं. व्यापाऱ्यांना रुचि नसेल, पण हिशेब कळत होता, आणि त्यांच्या हिशेबानें बाउहाउसच्या मर्मावर बोट ठेवलें होतें. सामान्य माणसाच्या घरांत उत्तम वस्तु जावी हा ज्या मंडळींचा उद्घोष, त्यांचा दिवा सामान्य माणसाला परवडत नव्हता. लहान कर्मशाळेंत विचाराला मोकळीक होती, चुका करण्याला मोकळीक होती. परंतु एकाचे हजार करण्याचें सामर्थ्य तेथें नव्हतें. तें ज्याच्या भट्ट्यांत आणि साच्यांत होतें, त्याच्या दारीं केव्हां तरी जाणें भागच होतें.

1925 सालीं वायमारमधून बाउहाउसचें बिऱ्हाड हललें आणि तें देसाऊ येथें गेलें. त्याच वर्षीं वस्तूंच्या विक्रीसाठीं संस्थेनें एक मर्यादित कंपनीहि स्थापिली. आजच्या भाषेंत तिला स्टार्टअपच म्हणावें लागेल, आणि पुष्कळ स्टार्टअपप्रमाणें तिचेंहि नांव मोठें व गल्ला लहान होता. वागेनफेल्ड देसाऊला गेला नाहीं. वायमारलाच जुन्या जागेंत निघालेल्या वास्तुविद्यालयांत तो धातुविभागाचा साहाय्यक व पुढें प्रमुख झाला. 1930 सालीं थुरिंगियाच्या सरकारांत नाझी शिरले. त्यांनीं त्या विद्यालयावर शुल्त्से-नाउमबुर्ग हा आपल्या मताचा माणूस बसविला आणि जुन्या अध्यापकांना घालवून दिलें. तिशींतला वागेनफेल्ड बेकार झाला. मोठ्या कारखान्याकडे तो वळला त्याच्या मुळाशीं तत्त्वनिष्ठा होती, तशी पोटाची निकडहि होती. कलावंतांच्या चरित्रांत या दुसऱ्या कारणाचा उल्लेख हळूच गाळण्याची रीत आहे. पण त्या वर्षीं जर्मनींत लक्षावधि माणसें काम शोधीत हिंडत होतीं हें विसरून चालत नाहीं.

वायमारपासून जवळच येना हें गांव आहे. तेथील ‘शॉट’ कंपनीची कांच शास्त्रीय जगांत विख्यात होती. 1884 सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यांत टांकणखाराचा अंश असलेली अशी एक कांच निघे, कीं ती विस्तवाच्या आंचेनें तडकत नसे. प्रयोगशाळांचीं भांडीं, तापमापकें आणि गॅसच्या बत्तीच्या चिमण्या यांत तिचा मोठा खप होता. पुढें घरोघर विजेचे दिवे आले आणि चिमण्यांचा धंदा बसूं लागला. मग हीच कांच स्वयंपाकघरांत न्यावी असें कंपनीनें ठरविलें. भांडीं निघालीं, तीं फुटत नव्हतीं, तडकत नव्हतीं, पण तीं पाहून रसायनशाळेची आठवण होई. गृहिणीनें चहा करावा तो काय चंचुपात्रांत? कंपनीजवळ भट्टी होती, शास्त्र होतें, कारागीर होते. भांड्याला घरगुती रूप देणारा माणूस तेवढा नव्हता.

ती उणीव वागेनफेल्डनें भरून काढली, परंतु कारखान्याचा पगारी नोकर म्हणून नव्हे. तो बाहेरचा सहकारी म्हणून काम करूं लागला, आणि 1931 पासून बर्लिनच्या कलाविद्यालयांत अध्यापनहि करीत राहिला. मोठ्या पेढींत त्यानें टाकलेलें पहिलें पाऊल असें एक पाय बाहेर ठेवून टाकलेलें होतें.

1931 सालची त्याची कांचेची चहादाणी पाहिली म्हणजे सात वर्षांत त्याच्यांत काय पालट झाला तें दिसतें. दिव्यांत घुमट, नळी आणि चकती हे भूमितीचे आकार एकावर एक रचलेले होते. चहादाणींत भूमिति विरघळून गेली आहे. पाण्याच्या थेंबासारखा बसका, फुगीर देह, पातळ कांच, तोटी अशी, कीं ती देहांतूनच उमललेली वाटावी, आंत चहाची पूड ठेवावयाची गाळणीहि कांचेचीच. नक्षी येथेंहि नाहीं, पण तिची उणीव भासत नाहीं, कारण चहाचा हळूहळू उतरणारा तांबूस रंग हीच तिची शोभा. हा आकार कागदावर कंपास फिरवून निघणारा नव्हता. तप्त कांच फुंकली असतां ती कोठें फुगते, कोठें जाड राहते, कोणत्या वळणावर कारागिराचा श्वास अडतो, हें जाणणाऱ्यालाच तो सुचावा. वागेनफेल्डची पुढें ठाम धारणा झाली कीं कारखान्यांत रचनाकार एकटा कांहींच करीत नाहीं. साचा करणारा, फुंकणारा, रसायन जाणणारा आणि माल विकणारा हे सगळे त्या आकाराचे भागीदार असतात. लहान कर्मशाळेंत एकच माणूस पहिल्या रेघेपासून शेवटच्या झिलईपर्यंत सारें काम करतो, त्यामुळें ही भागीदारी त्याला शिकतां येत नाहीं.

आतां मारिआन ब्रांटकडे वळलें पाहिजे. तिचा जन्म 1893 सालीं केमनित्स येथें झाला. चित्रकला व शिल्प शिकून 1924 सालीं ती बाउहाउसमध्यें आली, तेव्हां तिशी उलटलेली होती. धातूच्या कर्मशाळेंत बाई नको असें तेथील मंडळींना वाटत होतें. प्रारंभीं तिला मुद्दाम कंटाळवाणें, हात दुखविणारें काम देण्यांत आलें, आणि ही गोष्ट त्या मंडळींनींच पुढें तिच्याजवळ कबूल केली. तिनें त्याच वर्षीं केलेली चहाच्या अर्काची लहानशी चहादाणी — अर्धगोल देह, फुलीसारखी बैठक, काळ्या लांकडाची अर्धवर्तुळाकार मूठ — ही त्या कर्मशाळेची एक अत्युत्कृष्ट कृति होय. 1928 सालीं मोहोली-नॉज निघून गेल्यावर कर्मशाळेची सूत्रें तिच्याच हातीं आलीं. लाइपत्सिगच्या ‘क्योर्टिंग आणि माथीझेन’ या दिव्यांच्या कारखान्याशीं झालेल्या सहकार्यांत तिनें पुढाकार घेतला, आणि त्या कारखान्याचे बिछान्याजवळ ठेवावयाचे व मेजावरचे दिवे हजारोंनीं खपले. म्हणजे कारखान्याशीं वागावें कसें हें वागेनफेल्डच्याहि आधीं ती शिकली होती. तेव्हां तिच्या पुढील अपयशाचें खापर तिच्या अननुभवावर फोडतां येत नाहीं.

1929 सालीं तिनें बाउहाउस सोडलें, कांहीं महिने बर्लिनला ग्रोपिअसच्या कचेरींत काढले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोथा येथील ‘रुप्पेल’ धातुसामानाच्या कारखान्यांत ती रचनाविभागाची प्रमुख झाली. पद भारदस्त होतें. कारखान्याचा माल म्हणजे भेटीदाखल द्यावयाच्या किरकोळ वस्तु: दौती, हातरुमालांच्या चौकटी, पुस्तकें टेकवावयाचे आधार. ब्रांटनें त्यांना साधें, सरळ रूप दिलें. पत्र्याच्या घड्या, एकरंगी लुकण, मोजक्या रेषा. त्या वस्तु आज पाहिल्या तरी नव्या वाटतात. परंतु पद जेवढें मोठें होतें तेवढी सत्ता त्याबरोबर आलेली नव्हती. कारखान्याला स्वस्त माल हवा होता, तो घेणाऱ्या दुकानदारांना ओळखीचा माल हवा होता, आणि ब्रांटला त्या दोहोंच्या मध्यें उभें राहून पत्रा वांकवावयाचा होता. येनाच्या कारखान्याला धंदा टिकविण्यासाठीं नव्या रूपाची निकड होती, तशी निकड येथें कोणालाच नव्हती. तशांत जागतिक मंदीचा फेरा आला. 1932 सालीं तिचें काम संपलें आणि ती केमनित्सला आईवडिलांच्या घरीं परतली. पुढील वर्षीं नाझी सत्तेवर आले. बाउहाउसचें नांव ज्याच्या पाठीशीं, त्याला त्या राज्यांत काम मिळणें दुरापास्त झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कांहीं वर्षें ड्रेस्डेन व बर्लिन येथें अध्यापन करीत होती. पण कारखान्याच्या आकारसृष्टींत तिचें पुनरागमन झालें नाहीं.

स्त्री असल्यामुळें तिच्यावर अन्याय झाला, असें म्हणून हा विषय मिटविण्याचा मोह होतो. त्यांत तथ्य आहे, पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. रचनाकाराला कंपनी कशासाठीं घेते हा खरा मुद्दा आहे. चालू मालाला नवा पोशाख चढवावा म्हणून घेतलें असेल, तर मंदीच्या पहिल्या झुळकीसरशीं पोशाख उतरतो. माल काय असावा हेंच ठरवावयास घेतलें असेल, तर गोष्ट वेगळी.

वागेनफेल्डच्या वाट्याला ही दुसरी स्थिति आली, पण मध्यें 1933 सालचा एक प्रसंग आहे. ‘वेर्कबुंड’ म्हणून कलावंत, कारागीर व कारखानदार यांचा संघ जर्मनींत 1907 पासून होता. नाझी सत्तेवर येतांच संघानें नव्या राजवटीच्या तंत्रानें चालावें असा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी मंडळापुढें आला. विरुद्ध मत देणारे तिघेच निघाले: ग्रोपिअस, वास्तुशिल्पी मार्टिन वाग्नर, आणि वागेनफेल्ड. पहिल्या दोघांनीं पुढें देश सोडला. वागेनफेल्ड राहिला, आणि दोन वर्षांनीं तो पूर्व जर्मनींतील व्हाइसवासर या गांवीं ‘संयुक्त लाउझित्स कांच-कारखाने’ या कंपनीचा कलाविषयक संचालक झाला.

ही कंपनी युरोपांतील मोठ्या कांच-कंपन्यांपैकीं एक. पेले, बाटल्या, वाडगे, उपाहारगृहांचें सामान, असा नाना प्रकारचा माल ती काढी. वागेनफेल्डनें येथें कारखान्याच्या आवारांतच आपली रचनाशाळा उभारली, साहाय्यक घेतले, आणि कोणता माल काढावयाचा व कोणता बंद करावयाचा यांत त्याचा शब्द चालूं लागला. हाइनरिख ल्योफेलहार्ट, जो पुढें स्वतः नांवाजलेला रचनाकार झाला, तो याच शाळेंत 1937 पासून त्याच्या हाताखालीं होता. 1938 पासून निवडक मालावर शंकरपाळ्याच्या आकाराचें चिन्ह घालण्यांत येऊं लागलें. जाहिरातीपर्यंत सर्वांवर वागेनफेल्डची देखरेख असे.

त्याच्या कामांतला अत्यंत मोलाचा भाग मात्र चिन्हांकित पेल्यांत नसून दाबाच्या कांचेंत आहे. या कांचेचें कसब थोडक्यांत असें. वितळलेल्या कांचेचा गोळा लोखंडी साच्यांत सोडावयाचा आणि वरून दट्ट्या दाबावयाचा. फुंकणाऱ्या कारागिराची गरज नाहीं, आणि वस्तु पटापट व स्वस्त निघते. पण साच्याच्या जोडाची रेघ तिच्यावर उमटते, कांचेंत लाटा राहतात, कडा बोथट होतात. हे दोष झांकण्यासाठीं कारखानदार तिच्यावर पैलूंची दाट नक्षी उठवीत, म्हणजे दोषहि लपावे आणि गरिबाला श्रीमंताच्या पैलूदार स्फटिकाचा भासहि व्हावा. कलावंत मंडळी या कांचेकडे ढुंकून पाहत नसत. वागेनफेल्डनें नक्षी काढून टाकली. आतां दोष लपविण्याला जागाच उरली नाहीं. म्हणून साचा अधिक नेटका, कांच अधिक स्वच्छ, जाडी अधिक मोजून ठेवणें प्राप्त झालें. गरिबाची वस्तु साधी करणें हें ती नक्षीदार करण्याहून अवघड आहे, आणि तें मोठ्या कारखान्यालाच साधतें. कारण एक उत्तम साचा करण्याचा खर्च लाखभर नगांवर वांटला तरच तो झेपतो.

1938 सालचे ‘क्यूबस’ डबे हें या विचाराचें फळ. हे दाबाच्या कांचेचे चौकोनी डबे निरनिराळ्या उंचीचे, पण एकाच मापाच्या हिशेबांत बसविलेले. एकाच्या झांकणावर दुसरा अचूक बसे, आणि सगळे रचले म्हणजे मध्यें बोटभरहि जागा फुकट न जातां एक ठोकळा तयार होई. शीतकपाट त्या काळीं फारच थोड्या घरांत होतें. तरी फडताळांतल्या फळीवर उरलेलें अन्न, लोणी, मुरांबा यांचें काय करावें हा प्रश्न प्रत्येक घरांत होता. आंत काय आहे हें झांकण न उघडतां दिसे, आणि तेंच भांडें मेजावरहि ठेवतां येई. त्याच वर्षीं त्यानें ‘पेलिकान’ कंपनीसाठीं शाईची बाटलीहि केली. ज्या वस्तूकडे पाहून कोणी तिचा कर्ता विचारीत नाहीं, अशा वस्तूंवर लाइपत्सिगच्या जत्रेंत हंसें झालेला हा माणूस आतां आपलीं वर्षें घालवीत होता.

या यशाची दुसरी बाजू झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्या राजवटीविरुद्ध त्यानें मत दिलें, तिच्याच राज्यांत हा माल निघत होता, खपत होता आणि प्रदर्शनांतून मांडला जात होता. नितळ पेला कोणत्याहि पक्षाचा नसतो असें म्हणतां येईल. पण चांगला माल काढणारा देश या लौकिकाचा फायदा राजवटीलाहि मिळतच होता. नाझी पक्षाचें सभासदत्व वागेनफेल्डनें घेतलें नाहीं. युद्धाच्या अखेरच्या काळांत त्याला पूर्वेकडील आघाडीवर धाडण्यांत आलें आणि तो रशियनांच्या कैदेंत पडला. लहान कर्मशाळेंतला कारागीर गांव सोडून दुसऱ्या गांवीं जाऊं शकतो. भट्टी, साचे आणि शेंकडों कामगार यांच्या आधारावर ज्याची कला उभी राहिली, त्याला तें सारें उचलून नेतां येत नाहीं. ग्रोपिअस गेला आणि वागेनफेल्ड राहिला, याला हेंहि एक कारण असावें.

1945 सालीं कैदेंतून सुटून तो व्हाइसवासरला परतला, परंतु तें गांव आतां सोव्हिएत अमलाखालीं होतें. 1947 च्या सुमारास तो बर्लिनला व तेथून कांहीं काळानें स्टुटगार्टला गेला. आतां त्याच्याजवळ पन्नाशीचें वय होतें, नांव होतें, आणि कोणत्याहि बड्या कंपनीनें त्याला आनंदानें जागा दिली असती. त्यानें उलट वाट धरली. 1954 सालीं स्टुटगार्टला त्यानें स्वतःची कर्मशाळा काढली. कारखान्यांचें काम त्यानें सोडलें नाहीं, गाइसलिंगेनच्या ‘डब्ल्यू. एम. एफ.’ या धातुसामानाच्या बड्या कारखान्यासाठीं त्यानें केलेलीं मीठ-मिऱ्यांचीं कांचेचीं लहान पात्रें जर्मन घरांतून सर्वत्र दिसूं लागलीं. पण तीं आतां त्याच्या कर्मशाळेंत, त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांच्या हातून, वेळ लागेल तेवढा घेऊन तयार होत, आणि मग कारखान्याकडे जात. हा मार्ग चोवीस वर्षांच्या वागेनफेल्डला मोकळा नव्हता. येना आणि व्हाइसवासर येथील भट्ट्यांपुढें काढलेलीं वर्षें त्याच्यामागें उभीं होतीं, म्हणूनच कारखानदार त्याच्या लहानशा दारापर्यंत येत. 1978 सालीं त्यानें ही कर्मशाळा बंद केली.

दोन वर्षांनीं ब्रेमेनच्या ‘टेक्नोलुमेन’ या कंपनीनें त्याच्या संमतीनें 1924 सालचा दिवा पुन्हां काढावयास घेतला. तोपर्यंत वागेनफेल्ड ऐंशीं वर्षांचा झाला होता. दिवा जुन्याच मापाचा, मोठ्या काळजीनें जुळविलेला, प्रत्येक नगावर अनुक्रमांक घातलेला, आणि किंमत अर्थातच भारी. या खेपेस मात्र कोणी हंसलें नाहीं. मारिआन ब्रांट 1983 सालीं वारली. तिच्या चहाच्या अर्काच्या लहान चहादाणीचे मूळ नग हातावर मोजण्याइतकेच आहेत. त्यांतला एक 2007 सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत 3 लाख 61 हजार डॉलरला गेला. क्यूबस डब्यांवर अनुक्रमांक नव्हते. ते स्वयंपाकघरांत वापरले गेले आणि वापरतां वापरतां फुटले.